आनंदीबाईंच्या पानावरचं एक वाक्य

दीनानाथ खांबेट्यांना आयुष्यात सहसा धक्के बसले नाहीत, कारण धक्का बसेल अशी जागा आधीच हेरून ते तिथून लांब उभे राहत. खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात हिशेब विभागात त्यांनी नोकरी केली ती अशीच, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. निवृत्त झाल्यावर फ्लॅट घेतला तोही खडकीतच आणि दुसऱ्या मजल्यावर. पहिल्यावर डास असतात आणि तिसऱ्याला लिफ्टच्या भरवशावर राहावं लागतं, हा त्यांचा हिशेब. असा माणूस फेब्रुवारीतल्या एका दुपारी संगणकासमोर बसल्या बसल्या पांढराफटक पडतो, म्हणजे काहीतरी घडलंच असणार.

पडद्यावर फक्त दोन छोटी वाक्यं होती. ‘त्यांनी काम सोडले नाही. त्यांना निरोपच मिळू दिला गेला नाही.’ आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, ‘प्रेक्षक’.

दीनानाथांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला. वाक्यं तशीच होती. आतल्या खोलीत आनंदीबाई दुपारची झोप घेत होत्या. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळात जगबुडी आली तरी ती चारनंतर कळते. पण दीनानाथांचं काळीज असं धडधडत होतं की त्या आवाजानं त्या उठतील, अशी भीती त्यांना वाटली.

वाक्यातल्या ‘त्या’ म्हणजे आनंदीबाईच. एके काळी त्या दूरचित्रवाणीवर मराठी बातम्या वाचायच्या. तेव्हा वाहिनी एकच होती आणि संध्याकाळी बातम्या लागल्या की अख्खा महाराष्ट्र तोंड मिटून बसायचा. नाव आनंदी आणि वाचायच्या दुष्काळ, संप आणि कोसळलेल्या दरडी. पण काय वाचायच्या! एकेक शब्द सुटा, स्वच्छ, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा. महिन्यातले काही दिवस मुंबईच्या केंद्रातून बोलावणं यायचं. त्या सकाळच्या गाडीनं जायच्या, दादरला मावशीकडे राहायच्या आणि काम संपलं की परत यायच्या. त्या दिवसांत दीनानाथांच्या मातोश्री टीव्हीसमोर पाट घेऊन बसत. सून पडद्यावर येऊन ‘नमस्कार’ म्हणाली की त्या पदर सावरून, हात जोडून ‘नमस्कार हो’ असं उत्तर देत. सून घरी आली की मात्र आमटीतल्या मिठावरून तिची हजेरी घेत. खडकी बाजारातली भाजीवाली पैसे घेताना म्हणायची, ‘बाई, काल लई गंभीर दिसत व्हता,’ आणि कोथिंबिरीची जुडी वर टाकायची.

एकोणीसशे एक्क्याण्णव साली हे सगळं थांबलं. बोलावणं येईना. का येईना, ते कुणी सांगितलं नाही.

आता ती दोन वाक्यं ज्या पानावर होती त्याचं काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मुलगा आमोद वाघोलीला राहतो आणि त्याची मुलगी ओवी तिथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते. तिला एकदा इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात आजीच्या नावाचं पान सापडलं. रविवारी जेवायला आली तेव्हा तिनं आजोबांना बाजूला घेतलं आणि म्हणाली, ‘आजोबा, आजीचं पेज आहे ऑनलाइन, पण इतकं भिकार आहे ना! फक्त दोन लाइन्स. तुम्ही लिहा ना, तुम्हाला तर सगळं माहितीये. आजीच्या सत्तराव्या बर्थडेला आपण सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर दाखवू. टोटल सरप्राइज!’ तिनं त्यांना खातं उघडून दिलं. टोपणनाव त्यांनीच निवडलं, ‘यथार्थ’.

दीनानाथांना लिहायला सांगणं म्हणजे तहानलेल्याला नदीवर नेऊन सोडणं. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत त्यांचं नाव महिन्यातून एकदा तरी असायचंच. खड्डे, भोंगे, फलकांवरचं अशुद्ध मराठी, रिक्षावाल्यांचे नकार, कुठल्याच विषयाला त्यांनी पाठ दाखवली नव्हती. त्यातून या ज्ञानकोशाची रीत अशी की कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, आणि जे लिहिलं त्याला कुठेतरी छापून आलेला पुरावा द्यावा. त्याला तिथे ‘संदर्भ’ म्हणतात. शिवाय प्रत्येक पानाच्या मागे भांडायला एक वेगळं पान, त्याचं नाव ‘चर्चापान’. भांडणाला राखीव जागा, आणि तीही फुकट! एवढी वर्षं पुण्यात काढली पण अशी सोय त्यांना कुठे दिसली नव्हती.

आठवडाभर दुपारची झोप मोडून त्यांनी आनंदीबाईंचं पान सजवलं. जन्म, शाळा, वक्तृत्वातली बक्षिसं, आवाजाच्या चाचणीत केंद्रावर पहिला आलेला नंबर, सगळं घातलं. मग ‘वैयक्तिक जीवन’ असा मथळा देऊन त्याखाली लिहिलं, ‘पती श्री. दीनानाथ खांबेटे यांच्या प्रोत्साहनामुळे त्यांनी या क्षेत्रात पदार्पण केले. पुढे १९९१ साली कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे त्यांनी स्वेच्छेने काम थांबवले.’ लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि त्यांना गहिवरून आलं. आपणच लिहायचं, आपल्याचविषयी लिहायचं आणि आपणच गहिवरायचं, यात तिसऱ्या माणसाची गरजच उरत नाही.

पण तिसरा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. ‘प्रेक्षक’ नावाच्या कुणीतरी ‘प्रोत्साहनामुळे’पासून पुढचं सगळं खोडलं आणि कारण दिलं, ‘संदर्भ हवा’. दीनानाथांनी ते परत घातलं. पुन्हा खोडलं गेलं. मग चर्चापानावर सुरू झालं.

‘सदर माहिती अत्यंत खात्रीलायक सूत्रांकडून मिळालेली आहे,’ असं यथार्थनं लिहिलं.

‘सूत्रांचे नाव?’

‘प्रत्येक गोष्ट जाहीर करायची नसते.’

‘मग लिहायचीही नसते.’

दीनानाथ मनातल्या मनात म्हणाले, हा पुणेकरच असणार! त्यांना राग आला आणि थोडी मजाही वाटली. पुढच्या दुपारी प्रेक्षकानं विचारलं होतं, ‘“स्वेच्छेने” हा शब्द कोणाच्या इच्छेने घातला आहे?’ दीनानाथांनी त्यावर अर्धं पान भरून उत्तर लिहिलं आणि शेवटी ‘आपल्या अज्ञानाबद्दल सहानुभूती’ असंही घातलं. संध्याकाळी चहाच्या वेळी मात्र राहवेना. पान गुपित ठेवायचं होतं म्हणून नाव न घेता ते आनंदीबाईंना म्हणाले, ‘एक माणूस भेटलाय. काही केल्या मान्यच करत नाही.’

‘असतात काही माणसं चिवट,’ असं म्हणून आनंदीबाईंनी बशीत बिस्किटं काढली.

हे सगळं चाललं होतं तोवर खेळ होता. मग ती दोन वाक्यं आली.

त्यांचा अर्थ जगात फक्त दीनानाथांनाच कळणार होता. एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये खांबेट्यांच्या घरी फोन नव्हता. केंद्राला निरोप द्यायचा तर तो कारखान्यातल्या दीनानाथांच्या टेबलावर यायचा. एका सकाळी केंद्रातल्या बातमी विभागाचे प्रमुख कर्णिक यांचा फोन आला. एक कायम जागा निघाली होती आणि ती आनंदीबाईंना द्यायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं. रोज बातम्या, वर देशभर दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत काम. त्यासाठी मुंबईत राहावं लागलं असतं. ‘वहिनींना विचारून दोन दिवसांत कळवा,’ असं कर्णिक म्हणाले. दीनानाथ लगेच म्हणाले, ‘विचारायची गरज नाही. तिला जमणार नाही. घरी अडचण आहे. आणि यापुढे बोलावलं नाहीत तरी चालेल.’

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हा अपराध झाला, पण निदान तो एका फोनापुरता होता. त्यापुढे जे झालं ते जास्त वाईट, आणि ते सांगताना माझी तरी जीभ जड होते. बोलावणं येईना तशी आनंदीबाईंनी स्वतःचीच झडती घ्यायला सुरुवात केली. त्या फेब्रुवारीत एकदा बातम्या वाचताना त्यांच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती आणि त्या क्षणभर गप्प झाल्या होत्या. क्षणभरच. पण बोलावणं त्यामुळेच बंद झालं, असं त्यांनी धरून ठेवलं. पुढे कित्येक महिने त्या स्वयंपाकघरात कुकरसमोर उभं राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, पान उलटायचा सराव करत. हळूहळू तेही थांबलं. आणि दीनानाथ, ज्यांना सगळं ठाऊक होतं ते दीनानाथ, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, ‘होतं गं एखाद्या वेळी असं. मनाला लावून घेऊ नकोस.’

माणूस इतका शांतपणे एवढं करू शकतो, याचा मला अजून धक्का बसतो. दीनानाथांना तो बसायला चौतीस वर्षं लागली.

त्यांना पहिल्यांदा आठवले ते कर्णिक. दुसरं कोण असणार? फोनवर दोघंच होते. म्हातारपणी रिकामपण आलं असेल, नातवंडांनी संगणक शिकवला असेल आणि उकरत बसले असतील जुनं. दीनानाथांनी ती दोन वाक्यं खोडली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. पुन्हा खोडली आणि तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सकाळी दहाच्या सुमारास परत आलेली. आता रागबीग काही उरला नव्हता, नुसती भीती होती. आनंदीचा वाढदिवस तोंडावर आला होता. ओवी ते पान भिंतीएवढं करून सगळ्यांसमोर लावणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि आनंदी चष्मा लावून ते वाचणार. ओळ न् ओळ वाचायची तिला सवयच होती.

त्यांनी ज्ञानकोशाच्या प्रचालकाकडे, म्हणजे तिथल्या पंचाकडे, तक्रार केली. या पंचाचं टोपणनाव ‘ग्रंथपाल’. ग्रंथपालानं थंडपणे लिहिलं, ‘दोन्ही सदस्यांनी आपापल्या विधानांना छापील संदर्भ द्यावेत. अन्यथा दोन्ही विधाने काढून पान कुलूपबंद करण्यात येईल.’

दीनानाथांनी ठरवलं, पंच गेला खड्ड्यात, थेट कर्णिकांनाच फोन करायचा, वाटल्यास पाया पडायचं. जुन्या ओळखीतून ठाण्याचा नंबर मिळवला. आनंदीबाई भाजी आणायला गेल्या होत्या तेवढ्यात गॅलरीत जाऊन फोन लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, त्या कर्णिकांच्या सूनबाई होत्या.

‘कर्णिक साहेब आहेत का? पुण्याहून खांबेटे बोलतोय.’

‘अहो, बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. तुम्हाला कळलं नाही का?’

काय बोलून फोन ठेवला, ते दीनानाथांना नंतर आठवेना. ते गॅलरीतल्या कुंड्यांच्या कठड्यावर बसले ते बसूनच राहिले. खालून कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं आणि एरवी त्यावर एक पत्र झालं असतं. ज्याला माहीत होतं तो माणूस या जगात नव्हता आणि तरीही कुणाला तरी माहीत होतं. दीनानाथांचा देवावर बेताचाच विश्वास होता. पण त्या दिवशी त्यांच्या मनात आलं की आई तर नव्हे? मग स्वतःचीच लाज वाटली, कारण आईला साधा मिक्सरही लावता येत नसे.

‘जेवण जात नाही का?’ आनंदीबाईंनी त्या रात्री त्यांच्या ताटाकडे बघत विचारलं.

‘ऊन वाढलंय.’

‘फेब्रुवारीत?’

त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि दीनानाथांनी भाताचे तीन घास गिळले.

सोमवारी सकाळी दीनानाथ नेहमीप्रमाणे ज्येष्ठ नागरिक संघात गेले. त्या दिवशी मधुमेहावर व्याख्यान होतं, पण ज्या डॉक्टरांनी बोलायचं तेच साखर वाढून आडवे झाल्याचा निरोप आला. सभासदांनी त्यावर विनोद केले, चहा प्यायला आणि पांगले. एरवी बाराशिवाय न परतणारे दीनानाथ साडेदहालाच घरी आले. चावीनं दार उघडलं, चपला काढायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

आतून आवाज येत होता.

तो आवाज या घरात त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. हे घर घेण्याच्या फार आधी तो बंद झाला होता. सुटे सुटे शब्द, स्वच्छ, कुठे चढ नाही, कुठे घाई नाही. टीव्हीवर जुनं काही लागलं असेल, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग शब्द कानांत शिरले.

‘मार्च एक्क्याण्णवमध्ये केंद्राकडून कायम नेमणुकीचा निरोप आला होता. हा निरोप पतीच्या कार्यालयात आला. पतीने परस्पर नकार कळवला.’ थोडा वेळ गेला. मग तेच पुन्हा, ‘परस्पर’ या शब्दावर किंचित थांबून. ‘पतीने, परस्पर, नकार कळवला.’

बातम्या वाचणाऱ्या माणसाची ही जुनी सवय. लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचून बघायचं, कानाला खटकलं तर बदलायचं आणि मगच पुढे सोडायचं. आनंदीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चष्मा नाकावर, समोर संगणक, आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात नाव होतं, ‘प्रेक्षक’.

दीनानाथांच्या हातातली चप्पल खाली पडली.

आनंदीबाईंनी मागे वळून पाहिलं. त्या दचकल्या नाहीत. आज ना उद्या हे होणारच, असं धरून चाललेल्या माणसासारख्या त्या दिसत होत्या. ‘दार लोटून घ्या,’ त्या म्हणाल्या. ‘मांजर येतं.’

दीनानाथांनी दार लोटलं. भिंतीला धरत ते दिवाणावर येऊन बसले. ‘तू?’ एवढंच कसंबसं बाहेर पडलं. ‘तू लिहीत होतीस? रोज?’

‘तुम्ही संघात गेलात की लिहायचे. ओवीनं हे पान तुमच्या आधी मला दाखवलं होतं. खातं तिनंच काढून दिलं, मी गंमत म्हणून मागितलं तेव्हा. मी ते पुन्हा उघडेन, असं तिला वाटलंच नसावं. तुम्ही “यथार्थ” झालात, ते पहिल्याच दिवशी ओळखलं. “सदर माहिती” असं या जगात अजून कोण लिहितं?’

‘आणि ते... ते तुला कधी कळलं?’

‘आमोदच्या लग्नात.’

दीनानाथांना ऐकू आलं, पण कळेना. आमोदच्या लग्नाला तेवीस वर्षं होऊन गेली होती.

‘कर्णिक आले होते रिसेप्शनला,’ आनंदीबाई सांगू लागल्या. ‘मीच पत्रिका पाठवली होती. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा फार वाईट वाटलं हो, अशी जागा पुन्हा निघाली नाही. माझ्या हातात आहेराची पाकिटं होती. मागे रांग होती. तुम्ही चार हात पलीकडे उभे राहून कुणाला तरी आइस्क्रीम घ्या म्हणून आग्रह करत होतात. मी हसले आणि म्हटलं, हो ना, तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. मग फोटो काढला. आहे तो अल्बममध्ये.’

तो फोटो दीनानाथांनी कैकदा पाहिला होता. त्यात आनंदी छान दिसते, असं ते पाहुण्यांना सांगतही असत.

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं होतं? जागा परत मिळणार होती? घरात नवी सून आली होती. तुमची आई अंथरुणाला खिळलेली होती. नंतर ओवी झाली. बोलायला बसायचं म्हटलं तर घरात कुणी ना कुणी होतंच. आणि खरं सांगू का, मला आधी हायसंच वाटलं. अकरा वर्षं मी समजत होते की ती दोन पानं मी उलटली म्हणून सगळं गेलं. ते माझ्यामुळे गेलं नव्हतं, एवढं कळलं. तेवढ्यावर मी भागवून घेतलं.’ त्यांचा आवाज अजून तसाच होता, सुटा आणि स्वच्छ, आणि त्यामुळे दीनानाथांना तो अधिकच सोसवेना. ‘पण मग तुम्ही लिहिलंत. पतीच्या प्रोत्साहनामुळे. स्वेच्छेने. घरातल्या घरात तुम्ही तसं समजत असता तर मी काही म्हटलं नसतं. पण माझ्या नावाच्या पानावर? सगळ्यांना वाचायला? तेव्हा मला बसवेना.’

‘मी काढतो ते वाक्य. आत्ता काढतो.’

‘नुसतं काढून काय होणार? मग काहीच झालं नाही असं दिसेल. जे झालं ते तुम्ही सांगा. ते मी का म्हणून लिहू? केलं तुम्ही.’ मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाल्या, ‘ओवीला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नका. तिला आजोबा आवडतात.’

त्या दुपारी ग्रंथपालानं निकाल दिला. ‘दोन्ही बाजूंनी संदर्भ सादर न झाल्याने दोन्ही विधाने काढण्यात आली आहेत. पान कुलूपबंद.’ प्रोत्साहनही गेलं आणि न मिळालेला निरोपही गेला. उरलं एवढंच की श्रीमती खांबेटे यांनी १९९१ पर्यंत बातम्या वाचल्या. खरं आणि खोटं दोन्ही एकाच केरसुणीनं लोटलेलं पाहून दीनानाथ सुन्न झाले. आठवड्यापूर्वी हा निकाल लागला असता तर त्यांनी पेढे वाटले असते.

‘तुम्ही सांगा’ असं आनंदीबाई म्हणाल्या होत्या. दुसरा कुणी असता तर तिथेच स्वयंपाकघरात गेला असता. दीनानाथांना मात्र जन्मभराची सवय नडली. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. एकदा छापून आलं की संदर्भ होईल, संदर्भ झाला की कुलूप निघेल आणि खरी गोष्ट आनंदीच्या पानावर कायमची चढेल, असा त्यांचा हिशेब. खोडाखोड केली, फाडलं, पुन्हा लिहिलं. ओळखीची सगळी माणसं हे वाचणार होती, संघातली, कारखान्यातली, सोसायटीतली, आणि तरीही त्यांनी पाठवलं. एवढं धाडस त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि ते मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

गुरुवारी पत्र छापून आलं. संपादकांनी मथळा दिला होता, ‘न पोहोचलेला निरोप’. दीनानाथांनी पहाटेच अंक आणला, आनंदीबाई उठायच्या आत संगणक लावला आणि पत्राचा दिनांक, पान, रकाना सगळं चर्चापानावर घातलं. ग्रंथपाल बहुधा झोपत नसावेत. उत्तर लगेच आलं. ‘वाचकांची पत्रे संदर्भ म्हणून ग्राह्य नाहीत. शिवाय पत्रलेखक हे विषयाशी संबंधित व्यक्ती असल्याने त्यांचे म्हणणे विचारात घेता येत नाही.’

दीनानाथांनी ते दोनदा वाचलं. नवरा म्हणून केलेलं कबूल करायला नवरा चालत नव्हता. मग त्यांनी संगणक बंद केला, अंकाची घडी पत्र वर येईल अशी घातली आणि चहाच्या वेळी तो आनंदीबाईंच्या कपाशेजारी ठेवला.

आनंदीबाईंनी चष्मा लावला. पत्र आधी डोळ्यांखालून घातलं. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, त्याच आवाजात. ‘आपल्या अंकात स्त्रियांच्या कर्तृत्वाविषयी नेहमी लिहून येते. त्या अनुषंगाने मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९९१ साली माझ्या पत्नीस दूरचित्रवाणीवरील कायम नेमणुकीचा निरोप आला असता, माझ्या आईच्या आजारपणामुळे मी तो तिला न सांगता परस्पर नकार कळवला. या गोष्टीचा मला आज खेद होतो.’ त्यांनी खालचं नाव वाचलं, गावही वाचलं. ‘दीनानाथ खांबेटे, खडकी.’

दीनानाथ खाली मान घालून बसले होते. आता ‘नमस्कार’ येईल, असं त्यांना का कोण जाणे वाटत होतं. तो आला नाही.

‘आई आजारी होत्या?’ आनंदीबाईंनी विचारलं.

‘म्हणजे... गुडघे दुखायचे तिचे.’

‘त्या मार्चमध्ये त्या अष्टविनायक करून आल्या. बसमध्ये खायला दशम्यांचा डबा मी दिला होता. अंथरुणाला खिळल्या त्या कितीतरी वर्षांनी.’ त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला सारलं. ‘सगळ्या पुण्याला सांगितलंत, तेही खोटं सांगितलंत. मला तर अजून काहीच सांगितलेलं नाहीत.’

दीनानाथांनी मान वर केली. सोमवारी आनंदी बोलली होती, गुरुवारी वर्तमानपत्र बोललं होतं, मधे ग्रंथपाल बोलले होते. आपण स्वतः तिच्यासमोर एक अक्षरही काढलेलं नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि ते हबकले.

‘फोन आला तेव्हा,’ ते म्हणाले आणि थांबले. आनंदीबाईंनी कप बाजूला सरकवला. ‘फोन आला तेव्हा टेबलाशी तिघं-चौघं उभे होते. त्यातला एक हसत म्हणाला, काय बातम्यांचे मिस्टर, कुणाचा फोन? सगळे हसले. रोजच म्हणायचे ते. कँटीनमध्ये, जिन्यात, मस्टरवर सही करताना. माझं नाव कुणी घेतच नव्हतं. आणि पलीकडून कर्णिक म्हणत होते की आता तू रोज दिसणार, देशभर दिसणार. मला वाटलं, मग मी जन्मभर बातम्यांचा मिस्टरच. म्हणून... म्हणून मी नाही म्हटलं. आईचं मी नंतर जोडलं.’

चहावर साय धरली होती आणि खाली दूधवाल्याची सायकल जिन्याशी लागली.

आनंदीबाईंनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ कारणं लावून पाहिली असतील, मोठी मोठी, क्षमा करता येतील अशी. हे त्यांत नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

‘एवढ्यासाठी?’ त्या म्हणाल्या. हा आवाज बातम्यांचा नव्हता.